अण्णांसाठी घरी येणारी सर्व्हिस घेतली, पण दोन महिने उशिरा

पहिलंच सांगतो, या पॅलिएटिव्ह केअरवाल्यांना, म्हणजे पेशंटचं दुखणं आणि त्रास कमी करायला घरी येणाऱ्या टीमला, फोन करायला आम्हीच उशीर केला. अण्णांना फुप्फुसाचा कॅन्सर, बार्शीला केमो चालू, आणि घरी आले की रात्र रात्र पाठ धरून कॉटवर बसून राहायचे, आडवं होता यायचं नाही. कुणीतरी पॅलिएटिव्हचं नाव काढलं तर काका भडकले, "म्हणजे डॉक्टरनी हात टेकले म्हणा की!" आईनं तो विषयच बंद केला. मलापण खरं सांगायचं तर वाटायचं की हे शेवटच्या आठ दिवसांचं काम.

तसलं काही नाही. केमो अजून चालूच आहे, एक तारीख चुकली नाही, हे त्याच्या जोडीला. यांच्याकडं किडनीचे, हार्टचे पेशंटपण आहेत. डॉक्टर म्हणाले २०१० साली अमेरिकेत अण्णांसारख्याच पेशंटवर अभ्यास झाला होता, ज्यांना सुरुवातीपासून ही ट्रीटमेंट जोडीला दिली ते साधारण ११.६ महिने जगले आणि बाकीचे ८.९. हे ऐकून काका गप्प, मग चहा ठेवायला सांगितला.

मॉर्फिनचं, म्हणजे दुखणं थांबवायच्या कडक औषधाचं, नाव निघालं तेव्हा परत राडा. व्यसन लागतंय, माणूस झोपेतच जातोय वगैरे. सिस्टरनी न चिडता लग्नपत्रिकेच्या मागं टाइम लिहून दिला, सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा आणि रात्री दहाला डबल, म्हणजे मध्यरात्री उठवायला नको. दुखण्याच्या मापानं डोस वाढवत नेला तर नशेची भीती फार कमी, पण पोट गच्च होतं म्हणून पोट साफ व्हायचं औषध पहिल्याच दिवसापासून, ते चुकवायचं नाही असं दोनदा बजावलं. पहिले दोन दिवस अण्णा पेंगत होते, भावजी म्हणाले "झोपेचं औषध देऊन टाकलंय बे यांनी." तिसऱ्या दिवशी उठून पहिला प्रश्न काय, तर नळाला पाणी आलं का! मग दह्यात शेंगाचटणी कालवून अर्धी भाकरी खाल्ली. आई आत जाऊन रडली.

आता तक्रार. संध्याकाळी सातनंतर फोन कुणी उचलत नाही, आणि दुखणं काय घड्याळ बघून येत नाही हो. मॉर्फिनच्या गोळ्या साध्या मेडिकलमध्ये मिळत नाहीत, २०१४ ला कायदा सोपा केला म्हणतात पण आमच्या गल्लीतला मेडिकलवाला नाव ऐकूनच मान हलवतो, दर वेळी यांच्या सेंटरलाच जावं लागतं, मे महिन्यात दुपारी दोनला गाडीवरनं जाऊन बघा. आदल्या दिवशी फोन करून स्टॉक विचारूनच निघा, माझा एक हेलपाटा फुकट गेला.

चार स्टार. एक कापला तो फोनचा.