माइनक्राफ्टच्या रोलप्ले सर्व्हरवर वस्तूंची नक्कल करण्याचे नियम: काही महिन्यांचा अनुभव

माइनक्राफ्ट म्हणजे ब्लॉक रचून जग उभं करायचा गेम. आमचा सर्व्हर छोटा, त्याच्या जावा (कॉम्प्युटरवरच्या) आवृत्तीवरचा. प्रत्येकाचं पात्र ठरलेलं: कुणी लेखनिक, कुणी चित्रकार, कुणी टोळीचा सरदार. त्यामुळे ‘माझी वस्तू त्याने का छापली?’ हे भांडण नेहमीचं.

पुस्तकांचा निवाडा गेमनेच करून ठेवलाय आणि तो मला भारी आवडतो. सही केलेल्या पुस्तकावर लेखकाचं नाव कायम राहतं. मूळ पुस्तकाची नक्कल निघते, त्या नकलेचीही निघते, पण तिथून पुढे बंद. वस्तूवर कर्सर नेला की मूळ आहे की नक्कल, ते लिहिलेलं दिसतं. म्हणून मूळ प्रतीला किंमत म्हणून जास्त हिरे मिळतात आणि लेखनिकाचं बरं चाललंय.

खरी पंचाईत नकाशाचित्रांची, म्हणजे जमिनीवर रंगीत ब्लॉक मांडून गेममधल्या नकाशावर उमटवलेल्या चित्रांची. एक चित्र म्हणजे 128 × 128, 16,384 ब्लॉकची मांडणी. नक्कल काढायला लागतो एक कोरा नकाशा! काचेची पट्टी वापरून नकाशा लॉक केला तरी फक्त चित्र बदलायचं थांबतं, नक्कल नाही. आमच्याकडे पहिल्याच गिऱ्हाइकाने प्रती काढून शेजारी अर्ध्या भावात मांडल्या. चित्रकार महिनाभर फिरकलाच नाही.

मग नियम केला: स्वतःच्या घरात हव्या तेवढ्या प्रती लावा, विकायच्या असतील तर चित्रकाराला विचारा, वाटा तो ठरवेल. गेममधल्या ऐरणीवर वस्तूला नाव देता येतं, पण त्याचा उपयोग नाही, कुणीही कुणाचंही नाव टाकतं. त्यामुळे चित्रकार आता कोपऱ्यात ब्लॉकनेच सही करतात. तरी एखादी प्रत कुणी काढली हे शोधताना ॲडमिनचा जीव जातो.

बॅनरच्या, म्हणजे टोळीच्या निशाणाच्या, नकलेवर मात्र आम्ही बंदी घातली नाही. त्याच रंगाचा कोरा बॅनर असला की नक्कल होते, आणि शत्रूच्या टोळीचं खोटं निशाण घेऊन किल्ल्यात घुसणं हा तर खेळच आहे. तिथे फसतं ते पात्र. नकाशात बुडते ती खेळाडूची संध्याकाळ. हा फरक नवीन येणाऱ्यांना समजावताना तोंड दुखतं.

घर बघून तसंच घर बांधलं तर खुशाल बांधा, ब्लॉक तुम्हीच वाहताय.

सर्व्हरच्या नियमांना पाचपैकी चार. गेमला तीनच. पुस्तकावरची ती नकलेची नोंद नकाशालाही दिली, तर आमचा अर्धा नियम काढून टाकता येईल.