ऑपरेशननंतरही पायाला मुंग्या: थांबावं, गोळी घ्यावी की पुन्हा एमआरआय?

कंबरेच्या मणक्यातल्या गादीच्या ऑपरेशनला सहा आठवडे झाले होते. टाके सुकले होते, कंबरेतून पोटरीत उतरणारी ती जीवघेणी कळ गेली होती, पण उजव्या पायाची कडा करंगळीपासून टाचेपर्यंत परक्याची वाटायची. मुलुंड स्टेशनचा जिना उतरताना उजवी चप्पल निसटली आणि मी तशीच दोन पायऱ्या खाली गेले. मागच्या बाई "अहो ताई, चप्पल!" म्हणाल्या तेव्हा कळलं. त्या रात्री मी घरात जाहीर करून टाकलं, ऑपरेशन फसलं.

लालबागचा माझा मामेभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, त्याचंही त्याच वर्षी ऑपरेशन झालं. गादी म्हणजे दोन मणक्यांमधली चकती, डिस्क; माझी एल५-एस१ची, त्याची एल४-एल५ची. एल५, एस१ ही मणक्यांची आणि तिथून पायात उतरणाऱ्या नसांची नावं. मी फोर्टातल्या एका बँकेत काउंटरवर बसते, तो छोटा हत्ती टेम्पो चालवतो. मी थांबून राहिले. त्याने गोळ्याही घेतल्या आणि एमआरआयही पुन्हा काढला. आता ज्यांचं ऑपरेशन नुकतंच झालंय आणि पाय अजून झिणझिणतोय, ते आम्हा दोघांना विचारतात, कुणाचं बरोबर?

त्याआधी एक गोष्ट. सायकलच्या सीटला शरीराचा जो भाग टेकतो तो बधिर झाला, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, शौचावरचा ताबा गेला, पाऊल अचानक लोंबायला लागलं, दोन्ही पायांतली ताकद कमी झाली, तर ही तुलना वाचत बसू नका. त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा. ताप आणि जखमेतून पाणी, किंवा एकच पोटरी सुजून दुखायला लागणं, यातही सोमवारच्या ओपीडीची वाट बघायची नाही.

आता मुळात तक्रार कसली आहे? आपण सगळ्याला मिळून "नस दबलीय" म्हणतो आणि तिथेच घोळ होतो. दुखणं वेगळं, बधिरपणा वेगळा, ताकद वेगळी. ऑपरेशननंतर बहुतेकांचं पायातलं दुखणं आधी जातं, ताकद हळूहळू येते आणि बधिरपणा सगळ्यात शेवटी हलतो, कधी थोडा कायमचाही राहतो. ताकद घरीच बघता येते. भिंतीला हात टेकून एका पायाच्या चवड्यावर उभं राहायचं, ही एस१ नसेची परीक्षा. टाचेवर चालायचं, पायाचा अंगठा वर उचलायचा, ही एल५ची. मी रोज ब्रश करताना चवड्यावर उठायचे आणि कॅलेंडरवर आकडा लिहायचे. पहिल्या आठवड्यात तीनदा, दोन महिन्यांनी अकरा. त्या आकड्यांनी मला जेवढा धीर दिला तेवढा कुठल्याच रिपोर्टने दिला नाही.

थांबण्यामागचं गणित साधं आहे. नसेचा आतला धागा खराब झाला असेल तर तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. कंबरेपासून पावलापर्यंत अंतर जवळपास मीटरभर. म्हणजे पूर्ण अंतर कापायला अडीच-तीन वर्षंही लागू शकतात. नुसतं वरचं आवरण दबलं असेल तर आठवड्यांत फरक पडतो. त्यामुळे सहाव्या आठवड्याला "अजून मुंग्या आहेत" ही बातमीच नव्हे.

पण थांबणं म्हणजे पलंगावर पडून राहणं नाही. रोज चालायचं, आधी दहा मिनिटं, मग वाढवत. नस सरकती ठेवायचे व्यायाम फिजिओने समोर करून दाखवलेलेच करायचे, मोबाइलवर बघून नाहीत. मुंबईत केईएम, सायन, नायर हॉस्पिटलांमध्ये फिजिओथेरपी विभाग आहेत. पाऊल उचलत नसेल आणि त्याला आधाराचा पट्टा लागणार असेल, तर हाजी अलीची केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था माहीत असावी. वाकून बादली उचलणं, उकिडवं बसणं, रिक्षाच्या मागच्या सीटवर खड्डे खाणं हे सुरुवातीला टाळायचं. साडेआठची फास्ट लोकल सोडून मी दोन महिने दुपारची स्लो पकडली. साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या, घालोत. मालिशवाल्याकडे आणि हाड बसवणाऱ्याकडे मात्र कुणी कितीही प्रेमाने नेलं तरी जाऊ नका.

या वाटेचा धोका बधिरपणातच आहे. गरम पाण्याची पिशवी मी करंगळीजवळ ठेवली आणि फोड आला तो सकाळी दिसला. तेव्हापासून पाणी हाताने बघते आणि चप्पल मागून पट्ट्याची घालते.

दादाला रात्री झोप नव्हती. पायात जळजळ, मधूनच करंट. त्याला प्रिगाबालिन दिली, नसेच्या दुखण्यावरची गोळी, मिथिलकोबालामिन म्हणजे बी-१२ सोबतची. जळजळ कमी झाली असं तो सांगतो. पण ही गोळी दुखण्यासाठी असते, बधिर जागेत संवेदना आणायला नव्हे, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. दोन महिने तो गोळी घेऊन अंगठा टोचून बघत होता. दुखण्यावरही ती प्रत्येकाला लागू पडतेच असं नाही. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीत सायटिकाच्या, म्हणजे कंबरेतून पायात उतरणाऱ्या दुखण्याच्या, २०९ रुग्णांपैकी काहींना प्रिगाबालिन आणि काहींना खोटी गोळी दिली. पायाच्या दुखण्यात फरक दिसला नाही, चक्कर मात्र खऱ्या गोळीवाल्यांना जास्त आली. ती माणसं ऑपरेशन झालेली म्हणून निवडलेली नव्हती, हे खरं. दादालाही चक्कर आणि झापड. एकदा सायनच्या सिग्नलला मागून हॉर्न वाजले तेव्हा तो जागा झाला. गाडी चालवणाऱ्याने हे आधी डॉक्टरला सांगायलाच हवं. पाय सुजतात, वजन वाढतं, मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डोस कमी करावा लागतो. आणि बरं वाटलं म्हणून एकदम बंद करायची नाही, उतरवत आणायची. बी-१२ची कमतरता असेल तर ती भरून काढायलाच हवी. शाकाहारी असाल, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल किंवा दोन्ही तळपायांना सारख्याच मुंग्या येत असतील, तर आधी रक्त तपासा. सगळा दोष मणक्याचाच असतो असं नाही.

एमआरआयची घाई मला सगळ्यात महागात पडणारी वाटते, आणि मी फक्त पैशांचं बोलत नाही. दादाने पाचव्या आठवड्यात स्वतःच हट्टाने काढला. रिपोर्टात "पुन्हा डिस्क असण्याची शक्यता". वहिनींनी जेवण सोडलं, मामांनी दुसऱ्या ऑपरेशनसाठी एफडी मोडायची तयारी केली. सर्जनने फिल्म बाजूला ठेवून आधी त्याचा अंगठा दाबून बघितला. ताकद वाढली होती. सुरुवातीच्या आठवड्यांत सूज आणि साकळलेलं रक्त फिल्मवर गादीसारखंच दिसू शकतं. चौथ्या महिन्यात क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्त तपासणी) बघून, कॉन्ट्रास्ट म्हणजे फिल्मवर उजळणारं औषध शिरेतून देऊन पुन्हा काढला. कॉन्ट्रास्टने ऑपरेशनच्या जागी आत धरलेला व्रण उजळतो, बाहेर आलेला गादीचा तुकडा सहसा आतून उजळत नाही. दादाच्या फिल्मवरचा तो व्रणच होता. असा व्रण काहीच त्रास नसलेल्यांच्याही फिल्मवर दिसतो आणि फक्त तो काढायला केलेल्या ऑपरेशनचा फायदा क्वचितच होतो.

तरी एमआरआय लागतो तेव्हा लागतोच. दुखणं गेलं होतं, काही आठवडे बरे गेले आणि त्याच रेषेत पुन्हा सुरू झालं, किंवा चवड्यावर उठण्याचा आकडा घसरायला लागला, तर टाळाटाळ नको. गादी त्याच जागी पुन्हा निसटण्याचं प्रमाण शंभरात पाच ते पंधरा सांगितलं जातं, म्हणजे ही नुसती शंका नाही. ईएमजीची, म्हणजे स्नायूंत सुया टोचून नसेचं काम बघणाऱ्या तपासणीची, घाई करू नका, नसेला इजा होऊन तीनेक आठवडे गेल्याशिवाय त्यात नीट काही दिसत नाही.

मला विचाराल तर नुसता बधिरपणा असेल आणि तो सरकत, आक्रसत असेल, तर थांबा. झोपच उडाली असेल तर गोळी घ्या, पण किती दिवसांनी ती चालू ठेवायची की नाही ते ठरवायचं, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या. उलट्या दिशेने जात असेल तर आधी सर्जनचे हात, मग मशीन.

दादा आता गोळीशिवाय झोपतो, लांबच्या फेऱ्या घेत नाही. माझी टाच परत आली. करंगळी अजून अर्धीच आहे, एका बाजूने गार लादी कळते, दुसऱ्या बाजूने नाही.