यलोस्टोनला १०० डॉलर भरायचे की २५० चा पास?
१ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेतल्या ११ मोठ्या नॅशनल पार्कात परदेशी पाहुण्याला नेहमीच्या तिकिटावर माणशी १०० डॉलर जास्तीचे. यलोस्टोन, ग्रँड कॅन्यन, योसेमिटी सगळे त्यातच आले. म्हणजे पुण्याहून फिरायला आलेलं जोडपं गाडी भाड्याने घेऊन यलोस्टोनला गेलं तर गाडीचे ३५ आणि दोघांचे २००, झाले २३५!! वर्षाचा पास २५० ला, त्यात गाडीचे ३५ आणि दोघांचे हे २०० सगळे आले. फक्त १५ डॉलरचा फरक आहे हो, दुसरं पार्क करणार असाल तर डोळे झाकून पासच घ्या. एकटेच असाल आणि एकच पार्क, तर १०० वालं परवडतं. अमेरिकेतल्या रहिवाशांना तोच पास ८० ला, ते जाऊदे.