जखडलेलं, टांगलेलं की सर्किटवालं? जुनं फ्रंट लोड मशीन निवडताना

गेल्या महिन्यात श्टुटगार्टहून एका नाशिककर मित्राचा फोन आला. "दादा, जुन्या वॉशिंग मशीनच्या तीन जाहिराती पाठवल्यात, जरा बघ ना. तिन्ही गोल काचेची, तिन्ही जर्मन. एक पन्नासच्या दशकातलं, एक १९८० च्या आसपासचं आणि तिसरं नव्वदच्या दशकातलं, डिस्प्लेवालं, ते तर फुकट देतायत. कोणतं उचलू?"

मी विचारलं, तुझ्या तळघराची जमीन कशाची आहे? तो गप्प. बरं, दाराचं रबर कसं आहे? त्यावरही गप्पच. तिन्ही फोटोंत काच लख्ख पुसलेली होती. रबर एकाही फोटोत धड दिसत नव्हतं.

मी बीलेफेल्डला राहतो. मीले कंपनीचं गुटर्सलोह गाव इथून अर्ध्या तासावर, त्यामुळे जुनी मशीनं जाता-येता दिसत राहतात आणि हा नाद लागायला फार कष्ट पडत नाहीत. सध्या तळघरात पाच आहेत. तीन चालतात, एक सुटं करून पेट्यांमध्ये भरलंय आणि एक का आणलं हे मला अजून घरी नीट सांगता आलेलं नाही. या पाचांनी शिकवलेली गोष्ट एकच: लोखंड टिकतं, स्टेनलेसचा ड्रम तर आपल्यानंतरही राहील, आधी जातं ते रबर. दाराचं रबर, शाफ्टचं सील, नळ्या, पाण्याच्या व्हॉल्व्हमधले पडदे. म्हणून कंपनी आणि साल बघण्याआधी, या मशीनला रबर किती आणि कसलं लागतं, ते आज मिळतं का, एवढं बघा. तसं बघितलं की जुन्या फ्रंट लोडचे सरळ तीन गट पडतात.

पहिला गट जमिनीला जखडलेल्या मशीनांचा. अमेरिकेत १९३७ साली बेंडिक्सने घरगुती ऑटोमॅटिक मशीन लोकांसमोर आणलं, तेव्हा त्यात ड्रमला स्प्रिंग नव्हती. पिळताना बसणारा हादरा थेट पायात जायचा, म्हणून मशीन बोल्टने जमिनीत घट्ट करावं लागे. जर्मनीत १९५१ साली आलेलं कन्स्ट्रुक्टा याच जातीचं, त्यालाही जमिनीत पाय रोवून घ्यावे लागत. दिसायला ही मशीनं देखणी. जाड इनॅमल, जड दार, जहाजाच्या खिडकीसारखी काच. गंमत अशी की सगळ्यात जुन्या या मशीनांचं दाराचं रबर सगळ्यात सोपं असतं. टब (ड्रमभोवतीची पाण्याची टाकी) हलतच नाही, मग दार आणि टब यांच्यामध्ये घड्या घातलेलं लवचिक रबर कशाला हवं? बहुतेक वेळा साधी गोल वादी पुरते, आणि ती मापाने कापून घेता येते. तयार पार्ट मिळेल या आशेवर मात्र राहू नका. बाकी सगळं स्वतः करायचं किंवा खरादीवाल्याकडून करून घ्यायचं.

अडचण जमिनीची. काँक्रीटचं तळघर असेल तर ठीक. जुन्या जर्मन इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, लाकडी तुळयांच्या जमिनीवर राहत असाल तर विषय तिथेच संपला. भाड्याच्या घरात जमिनीला भोकं पाडायची परवानगी मागून बघा, घरमालकाचा चेहरा बघण्यासारखा होतो. शिवाय काही जुन्या जर्मन मशीनांना थ्री-फेज लागतो. सुटी वायर बघून अंदाजाने जोडणी करू नका, आधी पाटीवरचे व्होल्ट वाचा.

दुसरा गट टांगलेल्या मशीनांचा, आणि माझा जीव याच गटात अडकलाय. टब स्प्रिंगांवर टांगायचा, खाली शॉक अ‍ॅब्सॉर्बर लावायचे, टबाला वजन बांधायचं, म्हणजे हादरा आतल्या आत जिरतो आणि जमिनीला बोल्ट लागत नाही. अमेरिकेत वेस्टिंगहाउसच्या लाँड्रोमॅटने १९४० च्या दशकात हाच मार्ग धरला. तिरकं तोंड असलेलं ते मशीन, आणि पुढच्या काही मॉडेलांत दाराचाच तराजू: उघड्या दारावर कपडे ठेवून वजन करायचं. जर्मनीत एईजीचं लावामाट १९५८ मध्ये आलं, मीलेचं पहिलं पूर्ण ऑटोमॅटिक १९५६ मध्ये. संग्राहक एकमेकांशी ज्यावरून भांडतात ती साठच्या उत्तरार्धापासून ऐंशीच्या मध्यापर्यंतची मशीनं याच गटातली, गोल खुंटी फिरवून चालणारी. ब्रिटनमधल्या वाचकांना हूव्हरचं कीमॅटिक भेटेल. कडांना खाचा पाडलेली प्लास्टिकची पट्टी हव्या त्या कडेने खोबणीत घातली की तो प्रोग्राम लागतो. कल्पना झकास, पण पट्टी हरवलेली असेल तर ते मशीन शोभेला ठेवायचं, म्हणून पैसे देण्याआधी पट्टी मागून घ्या.

मीले की लावामाट, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. मीलेमध्ये टबाला ओतीव लोखंडाचं वजन असतं, बऱ्याच इतर कंपन्या काँक्रीटचा ठोकळा लावत. काँक्रीट वाईट नव्हे, पण बोल्टभोवती तडकलं की पिळताना घण घातल्यासारखा आवाज येतो. मीले अंदाजे शंभर किलोचं धूड, दोन माणसं आणि पट्टे असल्याशिवाय जिना उतरायचा नाही. सुट्या भागांच्या बाबतीतही मीले पुढे, कारण कंपनी अजून तेच काम करते आणि ती मशीनं वापरात राहिली, त्यामुळे मोडीत निघालेल्यांचे पार्टही फिरत असतात. एईजीचा न्यूर्नबर्गचा कारखाना २००७ मध्ये बंद झाला. तरी लावामाट स्वस्त मिळतं, आतून सुटसुटीत असतं आणि हात बसवायला मला तेच जास्त आवडतं. मीलेवर चूक झाली की रात्री झोप लागत नाही, लावामाटवर झाली तर आपण शिकलो म्हणतो.

हात बसवायला म्हणजे काय, ते एकदा सांगतो. या गटातलं मोठं काम बेअरिंगचं. मागचं पॅनल काढायचं, पट्टा उतरवायचा, पुली पुलरने (ओढून काढायच्या अवजाराने) ओढायची. मग टबाची मागची बाजू उघडली की ड्रमला शाफ्टशी जोडणारा तीन पायांचा स्पायडर दिसतो. तो ॲल्युमिनियमचा असेल तर पायांवर पांढरी पावडर जमलेली असते. ती नखाने खरवडून बघायची. खाली धातू कडक लागला तर देवाचे आभार, भुसभुशीत लागला तर पुढचे पैसे घालू नका. जुनं बेअरिंग लाकडी ठोकळा मध्ये धरून ठोकून बाहेर काढायचं. चिंधीने पुसलं की त्यावर नंबर दिसतो, ६३०५, ६३०६ असा काहीतरी, आणि हे नंबर जगात कुठेही मिळतात. नवं बेअरिंग रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवायचं, सकाळी हब, म्हणजे बेअरिंग बसायची जागा, हेअर ड्रायरने गरम करायचा. मग हातोडी लागत नाही. बेअरिंग हाताने आत सरकतं आणि तळाशी "टक" असा छोटासा आवाज करून बसतं. त्या आवाजासाठी मी दोन शनिवार घालवले आहेत. सील मात्र नवंच घाला. जुनं सील "अजून बरं दिसतंय" म्हणून परत लावणाऱ्याला सहा महिन्यांत पुन्हा पुलर शोधावा लागतो.

दाराचं रबर याच गटात सगळ्यात त्रास देतं, कारण ते घड्यांचं असतं. माझं एक मशीन (कंपनी सांगत नाही, दोष माझा होता) तीन धुण्यांपर्यंत कोरडं ठणठणीत राहिलं. चौथ्याला ९५ अंशांवर चादरी घातल्या आणि मी वर जेवायला गेलो. खाली आलो तर तळघरात पाणी, आणि शेजाऱ्यांच्या बटाट्यांचं खोकं त्यात. रबराच्या सगळ्यात खालच्या घडीत, घड्याळात सहा वाजतात तिथे, टाचणीएवढं भोक होतं. कुणाचं तरी नाणं वर्षानुवर्षं तिथे घासलं असणार. पंपाच्या जाळीत मला १० फेनिगचं जुनं जर्मन नाणं सापडलंही. तेव्हापासून मशीन बघायला गेलो की आधी गुडघ्यावर बसून ती खालची घडी बोटांनी उलटी करतो. विकणारे विचित्र नजरेने बघतात, बघू देत.

तिसरा गट सर्किटवाला. मीलेने १९७८ मध्येच मायक्रोकॉम्प्युटरचं मशीन काढलं, आणि पुढे सगळेच तिकडे गेले. ऐंशी-नव्वदच्या दशकातली ही मशीनं आज फुकटात मिळतात, यांत्रिक भाग बहुतेक ठणठणीत असतात, म्हणून नवशिक्याला मोह पडतो. माझं मत सरळ आहे: पहिलं मशीन म्हणून हे घेऊ नका. यांत्रिक टायमर उघडला तर आत दात्यांच्या चकत्या आणि तांब्याचे संपर्क दिसतात, कुठे काळं पडलंय ते डोळ्याने कळतं, साफ करता येतं. बोर्ड मेला तर तो गप्पच असतो. सोल्डरिंग आणि मीटर ज्याच्या हातात मुरलेलं आहे त्याने खुशाल घ्यावं, त्याला हा गट सोन्याची खाण वाटेल.

पाणी-विजेचा हिशेब थोडक्यात. जुनं मशीन एका धुण्याला शंभर लिटरच्या वर पाणी सहज पितं, आजचं अंदाजे त्याच्या निम्म्यात भागवतं. रोजचं धुणं धुवायला म्हणून घेत असाल तर नवं घ्या.

अमेरिकेतल्या मराठी मंडळींना वेस्टिंगहाउस किंवा बेंडिक्स तिथेच ठेवून चालवायचं असेल तर मजेत चालवा. भारतात आणायचा बेत असेल तर थांबा. ट्रान्सफॉर्मर १२० व्होल्टचा प्रश्न सोडवतो, ६० हर्ट्झचा नाही. टायमरची मोटर हर्ट्झवर चालते, म्हणून ३० मिनिटांचा प्रोग्राम ५० हर्ट्झवर ३६ मिनिटं घेतो. ते सहन होईल, पण ड्रमची मोटरही हळू फिरते आणि तापते. जर्मन मशीनला हा त्रास नाही, व्होल्ट-हर्ट्झ आपल्यासारखेच.

आणि पुण्या-मुंबईत बसून हा छंद करायचा असेल तर समुद्रापार बघायची गरजच नाही. आयएफबीने बॉश-सीमेन्सच्या तंत्रावर गोव्यात, वेर्ण्याला फ्रंट लोड बनवली. ती भारतातल्या घरांत नव्वदच्या दशकापासून आहेत आणि आता हळूहळू भंगारात जातायत. खुंटीच्या टायमरचं एखादं मिळालं तर उचला. बेअरिंग आणि सील मुंबईत नागदेवी स्ट्रीटला नंबर सांगून मिळतं, इलेक्ट्रिकचं सामान लोहार चाळीत. कोकण-गोव्यातलं मशीन असेल तर खालची पट्टी आणि पाय गंजलेत का ते आधी बघा, आणि बोअरच्या पाण्यावर चाललेलं असेल तर हीटरवर क्षारांचा दगड धरलेला असणार हे गृहीत धरा.

कोणत्याही गटातलं असो, प्लग लावण्याआधी दोन गोष्टी. १९८० च्या आधीच्या कॅपॅसिटरमध्ये पीसीबी नावाचं विषारी तेल असू शकतं. फुगलेला, चिकट दिसला तर उघड्या हाताने हात लावू नका, विषारी कचऱ्याच्या केंद्रावर द्या. दुसरं, मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या मीटरने) हीटरचं इन्सुलेशन तपासा आणि अर्थिंग खरंच बॉडीपर्यंत पोचतंय का ते बघा. पाणी, वीज आणि पन्नास वर्षांची वायर एका डब्यात आहेत.

मित्राने मधलं घेतलं, १९८० च्या आसपासचं. मालकिणीसमोर गुडघ्यावर बसून त्याने खालची घडी उलटी केली, रबर कडक झालंय पण फाटलेलं नाही, आणि त्या मॉडेलचं नवं मिळतंय. ड्रम काठाला धरून वर-खाली हलवला तर किंचित खुळखुळतो, म्हणजे बेअरिंगचं काम आहेच. शनिवारी भाड्याची व्हॅन घेऊन जातोय. वाहतुकीत टब हलू नये म्हणून लावायचे बोल्ट मालकिणीने केव्हाच फेकून दिलेत, तेव्हा टब आणि बॉडीच्या मध्ये कोंबायला घरातल्या दोन जुन्या उशा बरोबर घे, एवढं त्याला पुन्हा एकदा सांगायचं राहिलंय.