फळी, गोट्यांचा संच की टॅबलेट? वस्तू कशा हलतात हे शिकवताना

तीन ते सहा वर्षांच्या मुलांना वस्तूंची हालचाल शिकवायची म्हटलं की साधारण तीन पर्याय पुढे येतात: फळी टेकवून केलेला उतार, गोट्या सोडायचा तयार संच आणि टॅबलेटवरचे खेळ. माझा कौल आधीच सांगून टाकते, फळीला. पण बाकीचे दोन अगदीच टाकाऊ नाहीत.

हातातून सोडलेली वस्तू एक मीटर खाली यायला अर्धा सेकंदही घेत नाही. मूल बघेबघेपर्यंत खेळ खलास. तीच मीटरभर लांबीची फळी एका टोकाला दहा सेंटीमीटर उचला. भरीव चेंडू तिच्यावरून उतरायला साधारण १.७ सेकंद लावतो आणि तेवढ्यात डोळ्यांना पाठलाग करता येतो. पडणं असं संथ करून बघायची युक्ती गॅलिलिओचीच. १६३८ साली छापलेल्या ग्रंथात त्याने उतारावरच्या गोळ्याचे प्रयोग मांडले आहेत.

आता तीन सारख्या बाटल्या घ्या. एक रिकामी, एक पाण्याने काठोकाठ भरलेली, एकीत अर्धी वाळू. सोडण्याआधी विचारायचं, "पहिली कोण येणार?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "जड आहे ती." पाण्याची बाटली जिंकते, रिकामी मागून येते आणि वाळूची हलक्या उतारावर जरा डुलून जागीच बसते. माझ्यासमोर एका मुलीने ती बोटाने तीनदा ढकलून पाहिली, मग कानाशी नेऊन हलवली आणि म्हणाली, "आत कोणीतरी अडवतंय." घर्षणाची याहून चांगली व्याख्या मला तरी सुचलेली नाही. (तुमच्यापुरतं: रिकाम्या बाटलीचं वजन सगळं कडेला असतं, म्हणून तिला गरगर फिरवण्यातच बरीच ताकद जाते. भरलेलीतलं पाणी फारसं फिरत नाही, नुसतं पुढे जातं. मुलांना हे सांगायची घाई नको.)

फळीवर शब्दही आपोआप मिळतात. चेंडू घरंगळतो, ठोकळा घसरतो, फळीवर टॉवेल अंथरला की तोच ठोकळा अडतो. तीन क्रियापदं, तीन वेगळ्या गोष्टी.

गोट्यांचा संच दिसायला झकास, पण त्याच्या वळणांचा विचार आधी दुसऱ्याच कुणीतरी करून ठेवलेला असतो. चार वर्षांचं मूल वरून गोटी सोडतं, टाळ्या पिटतं, पुन्हा सोडतं. गंमत आहे, पण अंदाज चुकायला जागाच नाही. पाच-सहा वर्षांचं मूल स्वतः तुकडे जोडू लागलं की मात्र संचाचा खरा उपयोग सुरू होतो. उंची कमी पडली तर गोटी पुढचा चढ चढत नाही, हे त्याला हाताने कळतं. घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर संच आणूच नका. गोटी घशात अडकते.

टॅबलेटवर चेंडू तसाच पळतो जसं खेळ बनवणाऱ्याने ठरवलं असेल. बोटाला वजन लागत नाही, फळी खडबडीत आहे की गुळगुळीत ते कळत नाही. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासाहून जास्त स्क्रीन नको, त्याहून कमी तर उत्तमच. तो मोजका वेळ खेळांवर घालवू नये असं मला वाटतं. दोन कामांसाठी मात्र स्क्रीनला तोड नाही. एक, बाटल्यांची शर्यत फोनवर स्लो मोशनमध्ये टिपून लगेच दाखवणं. दुसरं, १९७१ मध्ये अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉटने चंद्रावर हातोडा आणि पीस एकदमच सोडलं, ती छोटीशी चित्रफीत. दोन्ही एकाच वेळी खाली टेकतात. तिथे हवा नाही, म्हणून पिसाला अडवायला कुणी नाही.

मूल एकच आणि हाताशी वेळ असेल, तर आजच फळी टेकवा. वर्गात वीस मुलं असतील तरी फळीच, फक्त चार-पाच लागतील आणि दर गटाला तीन बाटल्या. संच सहाव्या वाढदिवसापर्यंत थांबू शकतो.