नाव विकत घ्यावं, अडवून ठेवावं की नुसती नजर ठेवावी?

‘तुमच्या संस्थेचं नाव डॉट पॉर्नमध्ये अजून मोकळं आहे, कुणी घेण्याआधी घेऊन टाका,’ अशी ईमेल वाचली की पोटात गोळा येतो. तो यावा म्हणूनच ती पाठवलेली असते. एकदा घाबरलं की माणूस हिशेब करत नाही, पुढे करतो ते कार्ड. आपण आधी हिशेब करू.

प्रश्न मुख्यतः चार एक्स्टेन्शनांचा, म्हणजे संकेतस्थळाच्या पत्त्यातल्या (डोमेनमधल्या) डॉट कॉमसारख्या शेवटच्या तुकड्यांचा, आहे. डॉट एक्सएक्सएक्स सगळ्यांत जुनं. इंटरनेटवरच्या नावांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेने 2007 मध्ये ते फेटाळलं होतं. 2010 मध्ये स्वतंत्र पुनर्विलोकन समितीने अर्जदाराच्या बाजूने कौल दिला, मार्च 2011 मध्ये मंजुरी मिळाली आणि त्याच वर्षी डिसेंबरात ते सर्वांसाठी खुलं झालं. डॉट पॉर्न, डॉट अ‍ॅडल्ट आणि डॉट सेक्स 2015 मध्ये आले. एक फरक महत्त्वाचा आहे. डॉट एक्सएक्सएक्स मुळात प्रौढ व्यवसायासाठी राखीव म्हणून आलं, तिथे चालतं संकेतस्थळ उभं करायचं तर त्या व्यवसायाशी संबंध सांगावा लागे. बाकीच्या तिघांना असं कुंपण नाही. चारही आज एकाच रजिस्ट्रीच्या, म्हणजे एक्स्टेन्शन चालवणाऱ्या कंपनीच्या, ताब्यात आहेत, 2021 पासून गोडॅडीच्या. म्हणून तर एका अर्जात चारही अडवून ठेवण्याची सोय विकता येते.

तुम्ही स्वतः प्रौढ मजकुराच्या व्यवसायात असाल तर विचार करायला फारसं काही नाही. नाव वापरायचं असेल तर ते नोंदवावंच लागतं. पुढचं सगळं बाकीच्यांसाठी, म्हणजे ज्यांना ते नाव नको आहे पण दुसऱ्याच्या हातीही जायला नको आहे, अशांसाठी.

नोंदणी: नाव तुमचं, कटकटही तुमची

नोंदणीचा मोठा गुण म्हणजे ती कुणालाही जमते. ट्रेडमार्क दाखवावा लागत नाही, वकील लागत नाही. नाव मोकळं असेल तर दहा मिनिटांत तुमचं होतं. 2015 मध्ये गायिका टेलर स्विफ्टच्या बाजूने डॉट पॉर्न आणि डॉट अ‍ॅडल्टमधली तिची नावं विक्री सर्वांना खुली होण्याआधीच घेतली गेली, त्याची बातमी जगभर झाली. त्याआधी, 2011 मध्ये, अमेरिकेतल्या काही विद्यापीठांनी आपापली डॉट एक्सएक्सएक्स नावं अशीच घेऊन ठेवली होती. बंद खोलीला कुलूप लावण्यासाठी खोलीच विकत घेण्याचा हा प्रकार.

खरी अडचण नंतर सुरू होते. चार एक्स्टेन्शनं म्हणजे चार वार्षिक बिलं. नावाची दोन-तीन स्पेलिंग असतील, आद्याक्षरांचं लघुरूप असेल, तर बाराच्या घरात जायला वेळ लागत नाही. आणि विसरणं हा माणसाचा स्थायीभाव. माझ्या पाहण्यातल्या एका संस्थेने अशी नावं उत्साहाने घेतली आणि खातं एका कर्मचाऱ्याच्या ईमेलवर उघडलं. तो नोकरी सोडून गेला. नूतनीकरणाच्या सूचना बंद पडलेल्या पेटीत जात राहिल्या आणि नावं सुटली. मुदत संपल्यावर नाव लगेच बाजारात येत नाही. रजिस्ट्रार, म्हणजे नाव विकणारी कंपनी, साधारण महिना-दीड महिना सवलतीचा देतो, मग 30 दिवस जादा दंड भरून ते सोडवता येतं, शेवटी पाच दिवसांनी ते खरंच मोकळं होतं. एवढी मुदत असूनही सुटलं, कारण सूचना वाचायला कुणी नव्हतंच. सुटणाऱ्या नावांवर टपून बसलेली यंत्रं असतात, हे वेगळं सांगायला नको.

घेतलंच, तर दोन गोष्टी पाळा. ते नाव आपल्या मुख्य संकेतस्थळाकडे वळवू नका. पुष्कळ जण ‘वाया कशाला जाऊ द्यायचं’ म्हणून तेच करतात आणि ज्या जोडणीपासून पळायचं होतं ती स्वतःच तयार करतात. नाव निष्क्रिय ठेवा. दुसरं, त्या नावावरून ईमेल जात नाही असं सांगणारी एसपीएफ आणि डीमार्कची नोंद टाकून ठेवा, म्हणजे तुमच्या नावाने कुणी खोटी पत्रं पाठवली तर घेणारा सर्व्हर ती नाकारू शकतो.

ब्लॉक: नाव कुणाचंच नाही

ब्लॉकमध्ये नाव तुमच्या मालकीचं होत नाही, ते विक्रीतून काढून घेतलं जातं. सर्व्हर नको, डीएनएस (नावाला सर्व्हरशी जोडणारी नोंद) नको, चार वेगळ्या मुदती लक्षात ठेवायला नकोत. सध्याच्या सोयीचं नाव अ‍ॅडल्टब्लॉक. ती चारही एक्स्टेन्शनांत तुमचं नेमकं नाव अडवते. तिच्या महागड्या प्रकारात, अ‍ॅडल्टब्लॉक प्लसमध्ये, दिसायला सारखी पण वेगळ्या लिपीतली अक्षरं वापरून केलेली नावंही येतात. लॅटिन ‘ए’च्या जागी सिरिलिक (रशियन लिपीतला) ‘ए’ घातला तर डोळ्याला कळत नाही, ती वाट त्यात बंद होते.

पण ब्लॉक मागेल त्याला मिळत नाही. नावावर हक्क दाखवावा लागतो, आणि ट्रेडमार्क नोंदणीचा कागद हातात असेल तर काम सर्वांत सोपं. दुसरी गोष्ट, आधीच कुणी घेतलेलं नाव ब्लॉकने परत मिळत नाही. तिसरी, तो नेमक्या नावापुरताच. नावापुढे एखादा शब्द जोडून केलेलं डोमेन मोकळंच राहतं. शिवाय ते डॉट कॉममध्येही घेता येतं, त्याला या चार एक्स्टेन्शनांची गरजच नाही.

‘एकदाच पैसे भरा आणि विसरा’ या आश्वासनाचा इतिहासही ऐकून ठेवावा. 2011 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये डॉट एक्सएक्सएक्ससाठी ‘सनराइज बी’ नावाची खिडकी उघडली होती. व्यवसायाबाहेरच्या ट्रेडमार्कधारकांनी साधारण 200 ते 300 डॉलर एकदाच भरायचे आणि नाव अडवायचं. त्या ब्लॉकची मुदत होती दहा वर्षं. दहा वर्षं सरत आली तेव्हा हाती आला अ‍ॅडल्टब्लॉक, वर्षांच्या हिशेबाने पैसे घेणारा. फसवणूक नव्हे, मुदत आधीच सांगितली होती. पण तेव्हा सही करणाऱ्या किती जणांच्या ती लक्षात राहिली असेल?

नजर ठेवणं: स्वस्त, पण निर्धास्त नव्हे

तिसरा मार्ग म्हणजे काहीच न घेणं आणि कुणी नाव वापरलं तर तक्रार करणं. यूडीआरपी, म्हणजे डोमेनच्या वादांसाठी आयकॅनने ठरवलेली पंचाकडची प्रक्रिया, तिच्यातल्या तक्रारीत तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: नाव तुमच्या ट्रेडमार्कसारखं आहे, समोरच्याचा त्यावर रास्त हक्क नाही, आणि ते वाईट हेतूने नोंदवून वापरलं आहे. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे पाच नावांपर्यंत एका पंचासाठी 1500 डॉलर शुल्क आहे, वकील वेगळा, आणि निकालाला साधारण दोन महिने. नव्या तीन एक्स्टेन्शनांत यूआरएस ही जलद आणि स्वस्त वाट आहे, पण त्यात नाव नोंदणीची मुदत संपेपर्यंत, जादा शुल्क भरलं तर आणखी एक वर्ष, बंद राहतं, तुमच्याकडे येत नाही. दोन महिने ते पान लोकांसमोर राहणं तुम्हाला परवडतं का, यावर बरंच ठरतं. सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीला परवडेल. लहान मुलांच्या शाळेला नाही.

माझं मत विचाराल तर असं. ट्रेडमार्क नोंदलेला आहे, नाव कुठल्याही साध्या शब्दासारखं नाही आणि गिऱ्हाईक मुलांचं किंवा कुटुंबांचं आहे, तर ब्लॉक. ट्रेडमार्क नाही पण नाव लोकांच्या ओळखीचं आहे, उदाहरणार्थ एखादी गायिका किंवा डॉक्टर, तर चारही नकोत, डॉट एक्सएक्सएक्स आणि डॉट पॉर्न ही दोन नोंदवा आणि एकाच खात्यात, आपोआप नूतनीकरणावर ठेवा. नाव ‘गुलाब’ किंवा ‘प्रकाश’सारखं सामान्य असेल तर पैसे वाचवा. तो शब्द कुणीही प्रामाणिकपणे वापरू शकतो आणि तक्रारीतही तुम्ही हरण्याची शक्यता मोठी. नव्या लहान उद्योगाने तर आधी आपलं डॉट कॉम आणि मुख्य ईमेलचं डोमेन नीट सांभाळावं. तिथे दुहेरी पडताळणी नसताना डॉट सेक्सची चिंता करणं म्हणजे दार सताड उघडं टाकून खिडकीला जाळी बसवणं.

नाव आधीच कुणी घेतलेलं दिसलं तर लगेच मालकाला ‘किती घ्याल?’ असं विचारू नका. तुम्हाला ते हवं आहे हे कळताच किंमत चढते. आधी पान उघडून पाहा. ते रिकामं असेल तर तारखेसह त्याचं चित्र साठवा, नोंदणी कधी संपते ते पाहा आणि थांबा. पानावर तुमचं बोधचिन्ह किंवा फोटो वापरलेले असतील तर तेही साठवा आणि मग वकिलाला फोन करा.