लिबरएनएमएस: सात-आठ महिने वापरल्यावर

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचं नेटवर्क मी बघतो. लिबरएनएमएस, म्हणजे नेटवर्कमधल्या उपकरणांवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर, फुकट आहे, उबंटूवर चालतं, आलेख छान दिसतात, हे तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल. मला बोलायचंय ते त्यातल्या लाल ओळींबद्दल.

इव्हेंट लॉगमध्ये, म्हणजे घडामोडींच्या नोंदीत, येतं, "डिव्हाइस स्टेटस चेंज्ड टू डाऊन फ्रॉम एसएनएमपी चेक". यात 'डाऊन'पेक्षा शेवटचे दोन शब्द महत्त्वाचे. तिथे 'आयसीएमपी' असेल तर पिंगच, म्हणजे 'आहेस का?' ही साधी हाकच, जात नाही. लाईट, केबल, वरचा स्विच (नेटवर्कच्या केबली जोडायची पेटी) बघा. 'एसएनएमपी' (उपकरणाला त्याची माहिती विचारायची पद्धत) असेल तर स्विच चालू आहे, पिंगला उत्तर देतो, फक्त एसएनएमपीला देत नाही. शेडचा सुपरवायझर फोनवर म्हणतो, "लाईट लागलीय की सर, मग डाऊन कसं?" तो बरोबर असतो आणि सॉफ्टवेअरही.

मग सर्व्हरवरून एसएनएमपीवॉक मारायचं, म्हणजे स्विचला एसएनएमपीने माहिती विचारणारी कमांड. "टाइमआउट: नो रिस्पॉन्स" आलं तर खरी डोकेदुखी, कारण एसएनएमपीच्या व्हर्जन २सीमध्ये कम्युनिटी (पासवर्डसारखा शब्द) चुकली तरी बहुतेक स्विच 'पासवर्ड चुकला' म्हणत नाहीत, गप्प बसतात. फायरवॉलने यूडीपी १६१ (एसएनएमपीचा पोर्ट) अडवला तरी हेच, स्विचच्या अ‍ॅक्सेस लिस्टमध्ये (कुणाला उत्तर द्यायचं त्या यादीत) सर्व्हरचा आयपी नसला तरी हेच. व्हर्जन ३ त्या मानाने सरळ: "अननोन यूजर नेम" किंवा "ऑथेंटिकेशन फेल्युअर" असं तोंडावर सांगतं. नवे स्विच मी आता ३ वरच घेतो.

"नो सच ऑब्जेक्ट" आलं की मात्र घाबरू नका. स्विच बोलतोय, ती माहिती त्याच्याकडे नाही इतकंच. आमच्या एका स्वस्त स्विचला तापमानाचा सेन्सरच नाही. शेडमध्ये सुताची धूळ आणि मे महिन्यातला सोलापूरचा उकाडा, म्हणजे नेमका जिथे हवा तिथे नाही! "नो सच इन्स्टन्स" वेगळं: तक्ता आहे, त्यातली ती ओळ नाही. रीस्टार्टनंतर पोर्टचे इंडेक्स (अनुक्रमांक) बदलले की हे दिसतं.

एकदा ऑफिसातला जुना स्विच रीबूट झाल्याचा अलर्ट आला. यूपीएस ठीक, कुणी हात लावलेला नाही. अपटाइमचा, म्हणजे स्विच किती वेळ चालू आहे त्याचा, काउंटर ३२ बिटांचा, सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजणारा. ४९७ दिवसांनी तो शून्यावर येतो आणि सॉफ्टवेअरला रीबूट झाल्यासारखं वाटतं. स्विच बंद पडलाच नव्हता.

सर्व्हरचंच काही बिनसलं तर लिबरएनएमएसची स्वतःची तपासणी करणारी व्हॅलिडेट स्क्रिप्ट चालवा. 'फेल'खाली बरेचदा 'फिक्स' म्हणून कमांडही दिलेली असते, पण वाचून मगच पेस्ट करा.

आणि पहिल्याच दिवशी प्रत्येक स्विचला त्याचा पॅरेंट (तो ज्याला जोडलाय तो वरचा स्विच) नेमून द्या. नाहीतर शेडची लाईट गेली की खालच्या सगळ्या स्विचचे अलर्ट रात्री दोनला एकदम येऊन पडतात.